कडं

धुळ्याच्या सरकारी प्रयोगशाळेत
सकाळी साडेआठला उबवणीपेटी उघडली
तर ताटली क्रमांक एकशे बारावर
खसखशीहून थोडे मोठे, पिवळट ठिपके
आणि प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ कडं.

कडं म्हणजे तिथे रक्त उरलेलं नाही.
काल संध्याकाळी होतं.
लळिंगच्या उतारावर चरणाऱ्या मेंढीचं.
धुडकू ठेलाऱ्यानं तिचं डोकं गुडघ्यांत धरलं होतं
आणि मी बाटली हलवत बसले होते,
आत काचेचे मणी, रक्त गोठू नये म्हणून.
"हाई रगत कोनले देतस वं बाई?"
जंतूंना, म्हटलं.
तो हसला. मेंढी सोडली. तीही गेली, मागे न बघता.

ताटली कालच्या पेपरावर ठेवली.
लाल भागाखाली सगळं अंधारलेलं,
कड्यातून मात्र
रावेरच्या केळीचे भाव वाचता येतात.

हे कोण करतं ते दिसत नाही, सूक्ष्मदर्शकालाही.
जंतू ते एकेकटे सोडतो,
पाण्यात विरघळलेले, गरीब चेहऱ्याचे,
वऱ्हाडात घुसलेल्या परक्या माणसांसारखे.
पेशीच्या अंगाला हात टेकला
की एकमेकांना हुडकू लागतात.
सात जमले की फेर धरतात,
आणि मग सातही जण
एकेक पाय खाली सोडतात,
चरबीच्या दोन पदरांतून थेट आरपार.
बोअरच्या गाडीचा आवाज नाही, धूळ नाही,
नळी तयार.
आतलं पोटॅशियम बाहेर, बाहेरचं कॅल्शियम आत,
मागोमाग पाणी.
फुगून फुगून पेशी फुटते.

एकशे बारा म्हणजे भावेश, वय दहा, गाव शिरूड.
पऱ्हाटीचं खुंट टाचेत शिरलं,
चौथ्या दिवशी पाय नडगीपर्यंत तांबडा.
त्या पऱ्हाटीतही, गंमत बघा, असलंच एक भोकपाड्या बसवलेलं आहे,
मातीतल्या दुसऱ्या एका जंतूकडून उसनं आणलेलं.
ते अळीच्या आतड्याला भोकं पाडतं.
पोराला काही करत नाही; त्याच्या कुलुपाची किल्लीच वेगळी.
गुलाबी अळीनं तर आता कुलूपच बदललंय.

डॉक्टर तडवींना फोन केला.
ते म्हणाले, औषध जंतू मारेल,
पण सुटलेले आहेत ते सुटलेलेच.
म्हणून आणखी एक देतो,
कारखानाच बंद पडेल असं.

जिन्यात कोकिळाबाई बसलेली, भावेशची आई,
लग्नांत मांडे करायला जाते, बारा जणींच्या टोळीत.
बोटांना अजून खापराचे चटके.
"मना पोऱ्याले काय शे?"
मला पेशीचं आवरण सांगता येईना.
शेवटी म्हटलं, तुमचा मांडा
हातांवर झोके घेत ताणता ताणता
पार दिसायला लागतो ना,
तेवढं पातळ. आणि त्याला भोक.
"भोक पडनं का पुरन चुलामा," ती म्हणाली, आणि गप्प झाली.
मग माझ्या तोंडाकडे बघत,
"पन मी टाकी नही देत.
चिमटीभर कणीक लावस, दाबस, तसाच खापरवर."

मी वर आले.
खरं तर पेशीही तेच करते.
आत घुसलेलं कॅल्शियम हीच तिला लागलेली हाक:
ती धावते, भोकाभोवतीचा तुकडा
चिमटीत धरून तोडून टाकते,
नाहीतर आत ओढून गिळते, कडा सांधते.
भोकं थोडी असतील तर.
वेळेत कळलं तर.

नमुन्याच्या कागदावर लिहिलं:
रक्तपेशींचं विघटन, पूर्ण.
सांधण्यासाठी तिथे रकाना नाही.

दुपारी ताटल्या वाफेच्या भांड्यात टाकल्या.
शिजलेल्या रक्ताचा वास जिन्यापर्यंत गेला असावा.
कोकिळाबाईनं पदर नाकाला लावला,
आणि भावेशच्या पायावरची चादर
दोन बोटांनी, मांडा उचलतात तशी,
थोडी वर धरून बसली.